प्रोजेक्ट मॅनेजमेंटची मुळाक्षरं तुम्ही कुठे गिरवलीत?

पिंपळपान
ऑफिसात सध्या दोन नवीन मुलींना प्रोजेक्ट कसा चालवायचा ते शिकवतेय आणि लक्षात आलं की मला हे कोणी बसवून शिकवलंच नव्हतं, टेस्टिंग करत होते, एक दिवस टीम लीड सोडून गेला आणि प्रोजेक्ट माझ्याकडे आला. हॉस्पिटलच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर, पाच महिन्यांचं काम. क्लायंटकडचे एक सर दर आठवड्याच्या कॉलवर 'हे एवढं जरा बघा ना' म्हणून काहीतरी सांगायचे आणि मी हो म्हणायचे, कारण प्रत्येक गोष्ट खरंच अर्ध्या दिवसाचीच असायची. चौथ्या महिन्यात मोजलं तर अशी ३१ कामं करून दिलेली, आणि मूळ ठरलेल्यातलं इन्शुरन्स क्लेमचं मॉड्यूल सुरूच झालेलं नाही. त्या रात्री झोप नाही लागली.
तेव्हापासून स्कोपमध्ये, म्हणजे ठरलेल्या कामात, काय आहे हे लिहिलं की त्याच्या खाली काय नाही याचीही यादी करते. नवीन मागणी आली की याला किती दिवस लागतील आणि त्यामुळे कुठलं काम पुढे जाईल ते मेलवर कळवते. निम्म्या मागण्या तो मेल वाचूनच मागे घेतल्या जातात.
तुमचे अनुभव लिहा, आयटीतलेच पाहिजेत असं काही नाही.

साइटवाला
मी सिव्हिल डिप्लोमा, नाशिकला बिल्डिंग साइटवर. क्रिटिकल पाथ, म्हणजे कामांची अशी साखळी की तिच्यातलं एक जरी लांबलं तरी सगळा प्रोजेक्ट लांबतो, कॉलेजात शिकलो होतो, गोल काढायचे, बाण जोडायचे, पेपरात हमखास यायचं. पण कळला साइटवर. सात मजली बिल्डिंग, पझेशनची तारीख दिलेली, प्लास्टर मागे पडलंय असं वाटलं म्हणून साहेबांच्या मागे लागून अजून दोन गँग आणल्या, रात्री हॅलोजन लावून काम केलं, प्लास्टर तीन आठवडे आधी संपलं आणि बिल्डिंग एक दिवससुद्धा आधी तयार झाली नाही. कारण लिफ्ट. ऑर्डर दिल्यापासून माल यायला चार महिने, ऑर्डर द्यायची तर लिफ्टच्या डक्टची मापं फायनल पाहिजेत, आणि ती मापं माझ्या टेबलावर दीड महिना पडून होती. प्लास्टरला फ्लोट होता, म्हणजे काही दिवस लांबलं तरी चाललं असतं, लिफ्टला शून्य. त्या दोन गँगचे पैसे अक्षरशः पाण्यात गेले आणि ते मालकाचे होते, हे मला अजून लागून आहे.
नवीन मुलांना आता पहिल्याच दिवशी सांगतो, कुठलं काम कशासाठी थांबलंय ते आधी लिहा. काही कामं माणसं वाढवून लवकर होतच नाहीत. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या स्पॅनच्या स्लॅबखालचे टेकू आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे १४ दिवस ठेवायचेच असतात, तिथे दहा सुतार जास्त आणून काय करणार?

शेवटचं वर्ष
दादा, फ्लोट काढायचं सोपं करून सांगाल का, दर वेळी गोंधळ होतो.

साइटवाला
काम उशिरात उशिरा कधी सुरू केलं तरी चालेल त्या दिवसातून लवकरात लवकर कधी सुरू करता येईल तो दिवस वजा कर. शून्य आलं की ते काम क्रिटिकल. आधी सगळी कामं सुरुवातीपासून शेवटापर्यंत मांड, मग शेवटच्या तारखेपासून उलटं ये.

खाडीपार
दुबईत आहे, २०२२ला पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटची परीक्षा, दिली. तेव्हा १८० प्रश्न, २३० मिनिटं होती, आणि फॉर्म भरायच्या आधी ३५ तासांचं ट्रेनिंग झालेलं लागतं. पाठांतराचा फारसा उपयोग होत नाही, बरेचसे प्रश्न 'अशा वेळी आधी काय कराल' असे असतात.
मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे खर्चाच्या मानाने प्रत्यक्ष किती रुपयांचं काम झालं ते बघणं. समजा १० लाखांचं काम, निम्मा वेळ गेला, पाच लाख खर्च झाले, सगळे म्हणतात छान चाललंय. पण प्रत्यक्ष झालंय ४० टक्केच, म्हणजे चार लाखांचं काम. ४ भागिले ५, ०.८, म्हणजे रुपया खर्चून ८० पैशांचं काम. असंच चाललं तर १० भागिले ०.८, साडेबारा लाख लागणार. हे अर्ध्यावर असतानाच कळतं, तेव्हा हातात काहीतरी असतं.

रत्नांग्रीकर
मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. रिस्क म्हटलं की मुलं 'पाऊस, संप, पैसे उशिरा' असं लिहून मोकळी होतात. मग मी कोकण रेल्वेचं उदाहरण काढतो. १९९०ला कॉर्पोरेशन स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख, पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ला. ९१ बोगदे. कातळातले खोदून झाले, पण नऊ बोगदे मऊ मातीतले, खणलं की ढासळायचं, पाणी झिरपायचं, परत खणायचं. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने तर शेवटपर्यंत अडवून धरलं. २०२४च्या जुलैत तिथेच पाणी शिरून गाड्या थांबल्या होत्या. मुलांना म्हणतो, तुमच्या प्रोजेक्टमधला पेडणे कुठला ते लिहा.

चरखोदी
सातारच्या दुष्काळी पट्ट्यात पाणलोटाचं काम करते. आमची डेडलाइन मृग, ७ जून, ती कोणाला पुढे ढकलता येत नाही. ग्रामसभेचा ठराव झाला, सरपंच सोबत, निधी आला, एप्रिलमध्ये ओढ्याचं खोलीकरण सुरू करायचं आणि पोकलेन आला तेव्हा एका काकांनी वाट अडवली. मशीन त्यांच्या शेतातूनच जाणार होतं आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, त्यांची जमीन ओढ्याला लागून नाही म्हणून आमच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. बारा दिवस काम बंद. गावातले लोक म्हणाले हट्टी माणूस आहे. शेवटी मी एकटी घरी गेले, काकूंनी चहा केला, आणि कळलं की शेतात काढलेला कांदा पडलाय, तो हलवायला ट्रॅक्टर आणि चार दिवस पाहिजेत, एवढंच. ते आम्ही पहिल्याच दिवशी देऊ शकलो असतो.
आता स्टेकहोल्डरची, म्हणजे कामाशी ज्यांचा संबंध येतो त्यांची, यादी ऑफिसात बसून करत नाही. मशीन, माती, पाणी, मजूर ज्या वाटेने जाणार ती वाट चालून येते आणि वाटेत ज्याचं घर, शेत, गोठा लागेल त्याचं नाव लिहिते.

साइटवाला
ताई, हे वाचून आत्ता वही काढली. आमच्या तिसऱ्या विंगच्या पायलिंगचं (पायाचे खांब जमिनीत उतरवायचं) मशीन शेजारच्या सोसायटीच्या गल्लीतून आत येणार आहे सोमवारी आणि तिथल्या लोकांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. संध्याकाळी जाऊन येतो.