२४ फुटी शिडाच्या बोटीवर नांगर, साखळी आणि क्लीटची मांडणी

खाडीकर_२४
फायबरची २४ फुटी शिडाची बोट, वजन सुमारे २ टन. पावसाळा संपला की मांडव्याहून मालवणपर्यंत टप्प्याटप्प्याने जायचं आहे. रात्रीचा मुक्काम दिघी, जयगड, विजयदुर्ग. सध्या ६ किलोचा डॅनफोर्थ (चपट्या पात्यांचा नांगर), ५ मीटर साखळी आणि मच्छीमारांकडे असतो तसला हिरवा दोर आहे. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एकच क्लीट (दोर बांधायची खुंटी), खालून साध्या वॉशरवर कसलेलं. काय बदलू? अखंड साखळीच घेतली तर?

मतलई
अखंड साखळी नको. ८ मिमीची साखळी मीटरला साधारण १.४ किलो भरते, म्हणजे ३० मीटरचे ४२ किलो नाळेच्या टोकाला. एवढी लहान बोट पुढे बसते आणि लाटेत डोकं खुपसते. १० मीटर साखळी आणि पुढे ५० मीटर १४ मिमीचा तीन पेडी नायलॉन दोर घ्या. तो हिरवा दोर पॉलिप्रोपिलीनचा. तरंगतो, पाणी थांबलं की प्रॉपेलरखाली येतो, उन्हाने ठिसूळ होतो आणि नायलॉनसारखा ताणून झटका पचवत नाही.

किती सोडायचा हे भरतीच्या पाण्यावर ठरवा, नांगर टाकताना दिसणाऱ्या पाण्यावर नव्हे. ओहोटीचं पाणी ३ मीटर, त्यावर भरती २.५, नाळेवरच्या रोलरची (ज्या चाकावरून दोर खाली जातो) पाण्यापासून उंची १: झाले साडेसहा. सातपटीने ४५ मीटर. मुंबईजवळ उधाणाला चढउतार ४ मीटरच्या वर जातो, तिथे हाच हिशेब ५५च्या पुढे जातो.

मुख्य नांगर १० किलोचा, डेल्टा पद्धतीचा (शेतातल्या नांगराच्या फाळासारखा). डॅनफोर्थ गाळात छान धरतो, पण खाडीत ओढ (पाण्याचा प्रवाह) उलटली की उपटला जातो आणि पात्यांत शिंपला किंवा दगड अडकला तर पुन्हा रुतत नाही. तो दुसरा नांगर म्हणून राहू द्या.

डेकमिस्त्री
नांगर कितीही भारी घ्या, वॉशरवरचं क्लीट झटक्याला डेकसकट उचकटेल. आधी ते काढा.

डेक बहुतेक सँडविच असेल, आत बाल्सा किंवा फोम. ८ मिमीच्या बोल्टसाठी वरून १४ मिमीचं भोक पाडा, पण खालचा थर शाबूत ठेवा. आतून काळपट ओला भुसा आला तर तिथेच थांबा, पूर्ण वाळू द्या; ओल्यावर इपॉक्सी भरणं म्हणजे कूज झाकून ठेवणं. मग सिलिका घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध ८ मिमीने आरपार भोक पाडा. पाणी शिरलं तरी गाभ्यापर्यंत पोचत नाही.

खाली ६ मिमी ॲल्युमिनियम किंवा १० मिमी फायबरची पट्टी, क्लीटच्या बुडापेक्षा चहूबाजूंनी ५ सेंमी मोठी. बोल्ट ३१६ स्टेनलेसचेच; ३०४ खाऱ्या हवेत डाग धरतो आणि खड्डे पडतात. भोकाची वरची कड जराशी तिरकी कापली की सीलंटला बसायला जागा मिळते. पहिल्यांदा हलकंच कसा, दुसऱ्या दिवशी खालून फक्त नट फिरवा. बोल्ट फिरवलात तर सीलंट तुटतं आणि सगळं मुसळ केरात.

क्लीट दोन हवीत, रोलरच्या दोन्ही बाजूंना. रोलरवर आडवी पिन हवी, नाहीतर बोट उसळली की दोर बाहेर उडून डेकची कड कापत बसतो. दोर घासतो तिथे जाड होजपाइपचा तुकडा चढवा.

खाडीकर_२४
डॅनफोर्थ मागे, वरामावरून टाकू का? बोट फिरणार नाही.

तांडेल_रत्नांग्री
खाडीत तसं करू नका. बाकीच्या बोटी ओढीबरोबर फिरतील, तुमची आडवी अडकेल आणि दोन्ही नांगरांवर बाजूचा ताण येईल. जागा अरुंद असेल तर दोन्ही नाळेवरूनच टाका, एक ओढीच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. दोर एकमेकांत पिळतात, ते रोज सोडवावे लागतात. जागा मोकळी असेल तर एकच बरा. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात बसवलेला नांगर रात्री जमिनीवरून मतलई वारा आल्यावर उलटा खेचला जातो. झोपण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून पाहा.

डोलीच्या (मच्छीमारांच्या जाळ्यांच्या) खुंटांपासून लांब राहा. मालवणजवळ खडप आहे, तिथे नांगराच्या डोक्याला वेगळा बारीक दोर आणि बोया बांधा. अडकला तर उलट बाजूने निघतो.

नांगर आणि साखळी जोडणारं शॅकल १० मिमी, गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा थर दिलेलं). स्टेनलेस लावलं तर साखळीचं जस्त तिथेच आधी संपतं. पिन तारेने बांधा. साखळीला लागणाऱ्या दोराचं शेवटचं टोक लॉकरमधल्या कडीला बारीक दोरीने बांधा, डेकवर येईल एवढ्या लांबीच्या. वेळ आली तर कापता आली पाहिजे.