एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने केलेला घोळ : तुमचे किस्से सांगा

काल एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलपायी (म्हणजे प्रोग्रामला बाहेरून नावानिशी दिलेली सेटिंग) चार तास वाया गेले. बाहेरच्या टर्मिनलमधून चालवला की प्रोग्राम सुतासारखा सरळ, आणि व्हीएस कोड या एडिटरमध्ये एफ-५ दाबून डीबगरने (चुका शोधायच्या साधनाने) चालवला की ‘डेटाबेसचा पत्ता सापडत नाही’. टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट कमांडने दिलेलं व्हेरिएबल त्या टर्मिनलपुरतंच असतं. डीबगर आपली प्रोसेस वेगळी सुरू करतो, त्याला ते दिसणार कुठून? डॉट-व्हीएसकोड फोल्डरमधल्या लाँच डॉट जेसन या डीबगरच्या सेटिंग-फाइलमध्ये ‘एन्व्ह’ खाली तेच टाकलं, चाललं. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर लिहा. मूर्खपणाचे किस्से आधी!

अर्धवट कॉमिट :
माझा मूर्खपणाचाच. ‘एन्व्ह’मधली प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणूनच जाते. मी ‘मेल पाठवा’ या व्हेरिएबलला ‘फॉल्स’ दिलं आणि पायथॉनमध्ये त्यावर सरळ बूल (ट्रू की फॉल्स ते ठरवणारं) लावलं. पायथॉनच्या लेखी रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ट्रू, मग त्यात ‘फॉल्स’ का लिहिलेलं असेना! दुपारभर टेस्टच्या मेली खऱ्या ग्राहकाला जात होत्या. संध्याकाळी त्या बाईंचं उत्तर आलं, ‘अकरावी मिळाली. आता पुरे.’

शिळा वडा :
हा हा, अकरावी!
माझं भूत जुनं होतं. डॉट-एन्व्ह फाइलमध्ये (व्हेरिएबल लिहून ठेवायची फाइल) नवा डेटाबेस लिहिला, सेव्ह केलं, एडिटर बंद-चालू केला, तरी प्रोग्राम जुन्याच डेटाबेसला जाऊन चिकटायचा. फाइलचं नाव तपासलं, स्पेलिंग तपासलं, स्पेससुद्धा मोजल्या. शेवटी शेजारच्या सीनियर ताई खुर्ची सरकवत आल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, ब्रेकपॉइंट लाव आणि ओएस डॉट एन्व्हिरॉन बघ की, नुसता अंदाज काय करतोयस?’ प्रोग्राम मध्येच थांबवून त्याला मिळालेली व्हेरिएबल्स बघितली, तर कधीच बंद पडलेल्या प्रोजेक्टच्या सर्व्हरचं नाव. मीच झेडएसएचआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) ती ओळ लिहून विसरलो होतो. डॉट-एन्व्ह वाचणारी पायथॉन-डॉटएन्व्ह लायब्ररी आधीपासून असलेल्या व्हेरिएबलला हात लावत नाही. ओव्हरराइड ट्रू सांगावं लागतं. तेव्हापासून आधी बघतो, मग डोकं खाजवतो.

खिडकीतला :
ताईंना +१. लाँच डॉट जेसनमध्ये ‘एन्व्हफाइल’ (डॉट-एन्व्ह फाइलचा पत्ता) आणि ‘एन्व्ह’ दोन्ही असतील तर ‘एन्व्ह’ची व्हॅल्यू जिंकते, हेही लक्षात असू द्या.
विंडोजवाल्यांसाठी: सेटएक्स कमांडने व्हेरिएबलमध्ये केलेला बदल फक्त नव्याने सुरू होणाऱ्या प्रोसेसला कळतो. मी एक खिडकी बंद करून उघडत होतो आणि मागे व्हीएस कोडच्या दोन उघड्याच. सगळ्या बंद केल्यावर कुठे उजेड पडला.

मॅकवाली :
मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या खात्याचं डीफॉल्ट शेल (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) बॅशऐवजी झेडशेल झालं. माझे सगळे एक्स्पोर्ट बॅश-प्रोफाइलमध्ये, आणि झेडशेल ती फाइल वाचतच नाही. नवा लॅपटॉप आला, जुन्या फाइली जशाच्या तशा आणल्या आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरले की डीबगर बिघडलाय.

गुपचूप :
नाव न घेता लिहितो. पेमेंटची पासवर्डसारखी गुप्त की लाँच डॉट जेसनमध्ये टाकली आणि फाइल गिटमध्ये (कोडचे सगळे बदल जपून ठेवणारं साधन) ढकलली. पुढच्या कॉमिटमध्ये काढली, पण गिटचा इतिहास थोडाच विसरतो? ती की रद्द करून नवी घ्यावी लागली, साहेबांसमोर. आता नवी की डॉट-एन्व्हमध्ये आणि डॉट-एन्व्ह गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी).

अर्धवट कॉमिट :
@गुपचूप, साहेब काय म्हणाले ते राहिलं की!