मदत हवी आहे: डॉकर स्टॉप दिल्यावर नोडचा कंटेनर १० सेकंद लटकतो, एक्झिट कोड १३७

नमस्कार मंडळी,

एक्सप्रेसमधलं (नोडचं वेब फ्रेमवर्क) ऑर्डर-ट्रॅकिंगचं ॲप डॉकरच्या कंटेनरमध्ये (ॲप चालवायची वेगळी बंदिस्त जागा) बसवलंय. इमेज नोड २० अल्पाइन, पोस्टग्रेस (डेटाबेस) वेगळ्या कंटेनरमध्ये. ॲप झकास चालतं, फक्त बंद व्हायचं नाव घेत नाही. स्टॉप दिला की डॉकर सिगटर्म ('बंद हो' असं सांगणारा सिग्नल) पाठवतो, १० सेकंद वाट बघतो आणि सिगकिलने (सक्तीने मारणारा सिग्नल, क्रमांक ९) उडवतो. म्हणून तो १३७ (१२८ अधिक ९). दर डिप्लॉयला चालू रिक्वेस्टी मधेच तुटतात आणि क्लायंटचा फोन ठरलेला.

सीएमडीत (डॉकरफाइलमधली ॲप सुरू करायची कमांड) आधी एनपीएम स्टार्ट होतं. सिग्नल एनपीएमच गिळतो असं कळल्यावर तिथे थेट नोड आणि फाइलचं नाव दिलं, तेही चौकटी कंसात, म्हणजे मधे शेल नको. पीआयडी १ ला (कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसला) हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारा कोड) नसेल तर कर्नल सिगटर्म सोडूनच देतो, म्हणून हँडलर लिहून त्यात सर्व्हर डॉट क्लोज (नवी कनेक्शनं घेणं थांबवतं, चालू असलेली संपायची वाट बघतं) केलं. आता लॉगमध्ये 'सिगटर्म आला' लगेच दिसतं, पण क्लोजचा कॉलबॅक (सगळं मिटल्यावर चालणारं फंक्शन) काही येत नाही!

टाइमआउट वाढवा असं कृपया सांगू नका, तेवढाच जास्त वेळ लटकतो. हँडलरमध्ये सरळ प्रोसेस डॉट एक्झिटही नको, ऑर्डरी तुटतीलच.

प्रतिसाद: लाइव्ह ट्रॅकिंग कशावर आहे? वेबसॉकेट (दुतर्फा कनेक्शन) की एसएसई (उघड्या कनेक्शनवरून सर्व्हर पानाला अपडेट पाठवत राहतो)?

धागाकर्ता: एसएसई. प्रत्येक उघड्या पानामागे एक कनेक्शन.

प्रतिसाद: मग गोम तिथेच आहे. नोड १९ पासून क्लोज रिकामी कीप-अलाइव्ह (पुढच्या रिक्वेस्टसाठी उघडी ठेवलेली) कनेक्शनं आपणहून मिटवतो. एसएसईचं मात्र रिकामं नसतं, नोडच्या लेखी ती रिक्वेस्ट अजून चालूच आहे. हे सगळे रिस्पॉन्स एका सेटमध्ये ठेवा. सिगटर्म आला की आधी क्लोज, मग सेटमधल्या प्रत्येकाला एंड. एसएसईच्या हेडरमध्ये 'कनेक्शन: क्लोज' द्या, नाहीतर एंडनंतरही सॉकेट ५ सेकंद उघडं राहू शकतं. क्लोजऑलकनेक्शन्सच्या (सरसकट सगळी कनेक्शनं तोडतं) वाटेला जाऊ नका, ऑर्डरवालीही तुटतील. शेवटी कॉलबॅकमध्ये पूल डॉट एंड (डेटाबेसची उघडी कनेक्शनं मिटवायला). ते विसरलात तर पोस्टग्रेसचा रिकामा क्लायंट डीफॉल्टने १० सेकंद धरून बसतो, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ब्राउझरची काळजी नको, इव्हेंटसोर्स (ब्राउझरमधली एसएसईची बाजू) स्वतःच परत जोडून घेतो.

धागाकर्ता: जमलं! कोड ०, आणि स्टॉप झटक्यात. कंपोजमध्ये (डॉकरची सेटिंग फाइल) इनिट ट्रू (पीआयडी १ म्हणून छोटी इनिट प्रोसेस) पण टाकू का?

प्रतिसाद: ॲप चाइल्ड प्रोसेस सोडत असेल तर टाका, झोंबी (संपूनही यादीत उरलेल्या प्रोसेस) गोळा करायला. या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.