राखी बगळा आणि उडती खार : उडण्यातला नेमका फरक

प्रश्न
राखी बगळा आणि सह्याद्रीतली मोठी उडती खार यांचे वजन जवळपास सारखेच, म्हणजे दीड किलोच्या आसपास भरते. मग बगळा तळ्याकाठून उठून पार दिसेनासा होतो आणि खार मात्र झाडावरून खालीच का येते, असे माझ्या सहावीतल्या मुलीने विचारले आहे. ‘खारीला पंख नसतात’ एवढ्याने तिचे समाधान होत नाही, आणि माझेही होत नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

प्रतिसाद १
कातडीचा ताणलेला पडदा बगळ्यालाही असतो; खांद्यापासून मनगटापर्यंतची पंखाची पुढची कड त्यानेच तयार होते. खरा फरक छातीत आहे. बगळ्याच्या छातीच्या हाडाला उभी कड असते, तिला पंख खाली ओढणारे जाडजूड स्नायू चिकटलेले असतात आणि त्यांच्या जोरावर हवा खाली रेटत तो स्वतःला वर उचलतो. खारीकडे ही ताकद नाही. ती उंच फांदीवरून झेप घेते, चारही पाय फाकवते आणि मनगटापासून घोट्यापर्यंतचा केसाळ पडदा ताणून तरंगत जाते. मनगटाशी असलेली कूर्चेची काडी तो पडदा आणखी बाहेर पसरवते. एक मीटर उंची खर्चून तिला साधारण दोन-तीन मीटर अंतर मिळते. बुंध्याजवळ येताच ती अंग उभे करते, त्यामुळे पडद्यात हवा अडून वेग कमी होतो आणि चारही पंजे सालीवर टेकतात. मग पुन्हा वर चढायचे.

प्रतिसाद २
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र यात खारीचे काही उणे आहे असे मुलीला वाटू देऊ नये. बगळ्याचे पुढचे दोन्ही अवयव पूर्णपणे पंखांत खर्ची पडले, त्यामुळे मासा पकडण्याचे सारे काम लांब मान आणि चोचीवर आले. खारीने हात राखले. त्यांनीच ती चढते आणि फळ धरून कुरतडते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग शेकरूही असेच तरंगते का?

प्रतिसाद १
नाही. शेकरूला पडदा नसतो, ते फांदीवरून फांदीवर नुसती उडी मारते. शिवाय ते दिवसा वावरते, तर उडती खार अंधार पडल्यावरच ढोलीबाहेर येते.