आय. एम. विजयनच्या फलकावर काय लिहू? चार ओळीच बसतात

पेठेतला लेफ्टबॅक (कोल्हापूर)
मंडळी, मदत पाहिजे. आमच्या तालमीची चौदा वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल स्पर्धा यंदा फुटबॉलपटू विजयनच्या नावानं घ्यायचं ठरलंय. 2025 ला त्याला पद्मश्री जाहीर झाली, तेव्हाच मी बैठकीत विषय काढला होता. एका जुन्या सभासदांनी विचारलं, केरळचा माणूस, आपला काय संबंध? मी म्हटलं, अण्णा, 1991 ला कण्णूरला फेडरेशन कपच्या, म्हणजे देशभरातल्या टीमांच्या स्पर्धेच्या, फायनलात केरळ पोलिसांनी आपल्या मुंबईच्या महिंद्रा कंपनीच्या टीमला हरवलं, त्या पोलिसांच्या टीममधला पोरगा हा. अण्णा हसले आणि पहिली वर्गणी त्यांनीच दिली.

मैदानाच्या दारात फलक लावायचाय. मी लिहिलंय, "त्रिशूरच्या स्टेडियमवर सोडा विकणारा गरीब मुलगा भारताचा कप्तान झाला." माझे वडील शिरोलीला फाउंड्रीत होते. पाच वाजता शिफ्ट सुटली की तसेच काळ्या हातांनी शाहू स्टेडियमवर मॅचला यायचे. त्यामुळं ही ओळ लिहिताना मला भरून आलं. पण धाकटा भाऊ म्हणतो, माणसाचा सत्कार करताय आणि सुरुवात त्याच्या गरिबीनं? तेव्हापासून ती ओळ मला टोचतेय. ठेवू की काढू?

त्रिशूरची सून
लग्नानंतर बावीस वर्षं इथेच आहे. सोडा काढू नका हो. इथे ती गोष्ट कुणी दबक्या आवाजात सांगत नाही. एका बाटलीमागे दहा पैसे मिळायचे, हे तो स्वतः सांगत आलाय. फक्त "गरीब मुलगा" हे शब्द काढा, दहा पैसे म्हटलं की कळतं. आणि पुढची गोष्ट जोडा. ज्या शहरात बाटल्या विकल्या, त्याच त्रिशूरात 1990 ला केरळ पोलिसांनी गोव्याच्या साळगावकरला हरवून फेडरेशन कप जिंकला, आणि तो त्या संघात होता. माझे सासरे त्या दिवसाचं आजही असं सांगतात, की ताटातला भात गार होतो.

आता इथे लालूरला त्याच्या नावाचं क्रीडा संकुल आहे. वर्षानुवर्षं सगळ्या शहराचा कचरा तिथे पडायचा, आसपासच्या लोकांनी फार सोसलं. त्या जागेला त्याचं नाव लागलं, हे मला पद्मश्रीपेक्षाही मोठं वाटतं.

गच्चीबोलीचा मराठी
खेळाबद्दल एक तरी ओळ हवीच. 1999 ला काठमांडूत भूतानविरुद्ध बाराव्या सेकंदाला गोल! तुमच्या पोरांना घड्याळ लावून बारा सेकंद मोजायला सांगा, मग कळेल. 2003 ला इथे हैदराबादला आफ्रो-आशियाई स्पर्धा झाली. वय चौतीस. उपांत्य सामन्यात आपण झिंबाब्वेला 5-3 हरवलं, फायनल उझबेकिस्तानकडून गेली, पण स्पर्धेत सर्वांत जास्त गोल याचेच, चार. मी गॅलरीत होतो. बॉल पायाशी आला की तो आधी थांबायचा, अगदी क्षणभर, आणि बचाव करणारा आपणहून चुकायचा. कोलकात्याचे लोक त्याला काळवीट म्हणायचे, ते का, ते त्या दिवशी समजलं.

निवृत्त स्टॉपर
सगळं बरोबर आहे, पण मुख्य गोष्ट राहिली. तो मोठा झाला तो सोड्यामुळे नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला केरळ पोलिसांनी नोकरीत घेतलं, घरात पगार सुरू झाला, म्हणून तो सकाळ-संध्याकाळ खेळू शकला. पुढे मोहन बागान, फगवाड्याच्या कापड गिरणीची जेसीटी, एफसी कोचीन असं सगळीकडे खेळला आणि 2025 ला पोलीस अधिकारी म्हणूनच निवृत्त झाला. जेसीटीनं 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. आज जेसीटी बंद, महिंद्राही बंद. मी स्वतः एका कंपनीच्या टीमच्या भरोशावर घर चालवलंय. टीम बंद झाली त्या महिन्यात बूट माळ्यावर टाकले, ते अजून तिथेच आहेत. माझ्यापेक्षा चांगले खेळणारे तिघे रिक्षा चालवायला लागले. म्हणून म्हणतो, भाऊ, नोकरीची ओळ घालाच. पोरांचे आईबाप तो फलक वाचतील.

पेठेतला लेफ्टबॅक
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं रात्री तालमीत मोठ्यानं वाचून दाखवलं, कुणी बोललं नाही बराच वेळ. पेंटरला हे दिलंय:

आय. एम. विजयन, त्रिशूर. पद्मश्री.
दहा पैशांना एक, अशा सोड्याच्या बाटल्या मैदानावर विकल्या.
सतराव्या-अठराव्या वर्षी केरळ पोलिसांनी नोकरी दिली, मग खेळतच राहिला.
भूतानविरुद्ध बाराव्या सेकंदाला गोल, काठमांडू, 1999.

भावाला दाखवलं, तो हो म्हणाला. आणि काका, बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून तुम्ही यायचं. माळ्यावरचे बूट घेऊन या, पोरांना बघायचेत.