गिलमोरचा 'लक अँड स्ट्रेंज': गिटार गेली कुठे?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी,

धागा उशिरा काढतोय हे मान्य. अल्बम ६ सप्टेंबर २०२४ ला आला तेव्हा घरी बारावीचं वर्ष चालू होतं, त्यामुळे स्पीकरला कुलूपच होतं म्हणा ना. आता पोरगी हॉस्टेलला गेलीय, हॉल माझा आहे, आणि गेला महिनाभर पिंक फ्लॉइड बँडचा गिटारवादक-गायक डेव्हिड गिलमोर याचा 'लक अँड स्ट्रेंज' आलटून पालटून ऐकतोय. पटत नाहीये. म्हणून इथे विचारतोय.

आधी माझी पार्श्वभूमी, म्हणजे कुणी 'हा कोण टिकोजीराव' म्हणायला नको. सांगलीला इंजिनिअरिंग करताना रूम पार्टनरकडे पिंक फ्लॉइडच्या भरून आणलेल्या कॅसेट होत्या. एका बाजूला फ्लॉइड, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी बहिणीसाठी भरलेली भावगीतं. बाजू संपली की खटका पडायचा आणि थेट अरुण दाते सुरू. तेव्हापासून हा माणूस माझा. 'ऑन अॅन आयलंड' २००६ मध्ये आला तो जीव ओतून ऐकला, २०१५ चा 'रॅटल दॅट लॉक' जरा कमी. मग नऊ वर्षं नवा स्टुडिओ अल्बम नाही, आणि आता हा.

तक्रार अशी की गिटार गेली कुठे? म्हणजे आहे, पण मला हवी तिथे नाही. गाणं वर चढत जातं, आता हा तार ओढणार म्हणून मी खुर्चीत सरसावून बसतो, आणि नेमक्या तिथे व्हायोलिनं नाहीतर कोरस येतो. निर्माता म्हणे चार्ली अँड्र्यू नावाचा तरुण, अल्ट-जे बँडचे अल्बम करणारा. गिलमोरनेच मुलाखतीत सांगितलंय की या गड्याने त्याला विचारलं, इथे गिटार सोलो (म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा) असायलाच पाहिजे का? अरे! सचिनला विचारा, स्ट्रेट ड्राइव्ह मारायलाच पाहिजे का!

आणि दुसरं. ज्याला त्याला आवडलेलं गाणं कुठलं, तर 'बिट्वीन टू पॉइंट्स'. ते त्याने गायलेलंच नाही, मुलीने गायलंय. गाणंही त्याचं नाही, दुसऱ्या बँडचं. वाईट नाही हो, पण मी ज्याच्यासाठी आलो तो कुठे आहे?

गिलमोर स्वतः म्हणतो की १९७३ नंतरचं हे माझं सगळ्यात चांगलं काम. त्र्याहत्तर म्हणजे फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम. मधली पन्नास वर्षं एका वाक्यात निकालात. मला नेमकं काय ऐकू येत नाहीये ते सांगा. चार ओळी नकोत, सविस्तर लिहा.

विटांची_भिंत

सविस्तर कशाला, एका ओळीत सांगतो. फ्लॉइडचा जुना मुख्य गीतकार वॉटर्स नाही, त्यामुळे शब्दांना धार नाही. शब्द बायकोचे, एका गाण्याचे पोराचे, आवाज पोरीचा. घरचं कार्य आहे ते, आपण आहेर देऊन निघायचं. २००७ मध्ये मुंबईत बीकेसीला रॉजर वॉटर्सने अख्खा 'डार्क साइड' वाजवला तेव्हा मैदानात होतो. त्यानंतर या कुटुंबवत्सल संगीतात मन रमत नाही.

सहावी_तार

@विटांची_भिंत, तुमच्या वॉटर्सनी २०२३ ला 'डार्क साइड'ची जी नवी आवृत्ती काढली त्यातून गिटारचे सोलो सरसकट काढून टाकले होते, आठवतंय ना? त्या जागी ते स्वतः बोलतात. मूळ धागा 'गिटार गेली कुठे' असा आहे, त्यावर तुम्ही बोलू नये.

बाकी गिलमोरची बायको पॉली सॅमसन आज शब्द लिहायला लागलेली नाही. 'हाय होप्स'च्या शब्दांत तिचा वाटा आहे आणि ते १९९४ चं आहे. फ्लॉइडच्याच नावावर. त्या गाण्यावर डोळे पुसणारे लोक नव्या अल्बमवर 'बायकोचे शब्द' म्हणून नाक मुरडतात, याची गंमत वाटते.

आता कृष्णाकाठचा, तुमच्याकडे वळतो. मी ठाण्यात गिटार शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुम्ही सोलो मोजताय. मोजायचेच असतील तर शेवटचं 'स्कॅटर्ड' लावा. साडेसात मिनिटांचं गाणं आहे, सुरुवातीलाच काळजाचे ठोके ऐकू येतात, 'डार्क साइड'ही ठोक्यांनीच सुरू होतो, तेव्हा तो इशारा तुमच्यासारख्या जुन्या माणसांसाठीच असणार. मध्यावर वाद्यवृंद भरून येतो आणि सरतो. मग नायलॉनच्या तारांची गिटार येते. हेडफोन लावून ऐका, तारेवर बोट घसरल्याचा आवाजसुद्धा येतो. या गिटारवर सूर टिकत नाही. तार छेडली की सूर लगेच मरायला लागतो, म्हणजे गिलमोरचं जे मुख्य हत्यार, लांबवलेला सूर, तेच काढून घेतलंय. तो तुटक तुटक वाक्यं बोलतो. आणि त्यानंतर इलेक्ट्रिक येते. पहिलाच सूर वाकवून वर नेतो तेव्हा लक्षात येतं की मघाचं सगळं उपाशी ठेवणं कशासाठी होतं.

माझ्याकडची मुलं पहिल्या महिन्यात त्याचे सोलो वाजवायला घेतात, कारण ते सोपे दिसतात. वेग नाहीच. पण त्याचं तार ओढणं हे आपल्या मींडेसारखं आहे, पोचायचं कुठे यापेक्षा वाटेत किती रेंगाळायचं हा प्रश्न. पोरं सुरावर टुणकन उडी मारतात. तो आधी खालच्या बाजूला थोडा घुटमळतो, वर जातो, पोचल्यावर क्षणभर सूर अगदी स्थिर धरतो आणि मगच हलवतो. हलवायलाही पुष्कळदा बोट नाही, व्हायब्रेटोची दांडी वापरतो. हे या अल्बममध्ये कमी झालेलं नाही. जागा कमी झाल्यात, आणि माझ्या मते बरं झालं. 'रॅटल दॅट लॉक'मध्ये प्रत्येक गाण्याच्या शेवटी सोलो येणार हे गाणं सुरू व्हायच्या आधीच कळायचं. तिथे गिटार भरपूर होती, पण मला आज त्यातला एकही सोलो गुणगुणून दाखवता येणार नाही. तुम्हाला येतो का?

चार्ली अँड्र्यूबद्दल तुम्ही चिडलात, पण गेल्या चाळीस वर्षांत गिलमोरला असा प्रश्न कुणी विचारला असेल? सगळे 'वा उस्ताद' म्हणणारे. या माणसाला फ्लॉइडचा फारसा इतिहासच ठाऊक नव्हता, आणि गिलमोरला तेच आवडलं. ब्रायटन आणि लंडनमध्ये मिळून पाच महिने काम केलंय. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तरुण पोराचं 'हे इथे नको' ऐकून घेतलं, यालाच मी या अल्बमची कमाई म्हणतो.

आवाज थकलाय, हे खरं. वरच्या पट्टीत खरखर येते. पण मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांचा उतारवयातला आवाज ऐकताना आपण 'थकलाय' म्हणून उठून जात होतो का? 'अ सिंगल स्पार्क' या आवाजातच शोभतं. गाण्याचा विषयच दोन अंधारांमधली एवढीशी ठिणगी असा आहे, ते तिशीतल्या गळ्यातून खोटं वाटलं असतं.

न आवडलेलंही सांगतो. 'सिंग्ज' मला गोड गोड वाटतं, मी पुढे ढकलतो. 'व्हिटा ब्रेव्हिस' मिनिटभराचंही नाही, ते पुढच्या गाण्याचा उंबरठा आहे, वेगळं धरू नका.

रात्रपाळी

सहावी_तार सर, +१.

मी इथला लहान सदस्य, वय २६. माझ्याकडे उलटं झालं. मी अल्ट-जे ऐकणारा. चार्ली अँड्र्यूचं नाव दिसलं म्हणून हा अल्बम लावला, गिलमोर म्हणजे बाबांच्या कपाटातल्या सीडीवरचं नाव, एवढंच माहीत होतं.

'बिट्वीन टू पॉइंट्स'बद्दल एक भर. मूळ गाणं माँटगॉल्फिअर ब्रदर्स या मँचेस्टरच्या जोडीचं, १९९९ चं. गिलमोर ते वर्षानुवर्षं ऐकत होता आणि गाणं गाजलेलं असणार असं धरून चालला होता. विचारायला लागला तर कुणी ऐकलेलंच नाही! मला हे फार आवडलं, एवढा मोठा माणूस आणि त्यालाही 'अरे हे कसं ऐकलं नाहीस तू' असं लोकांना सांगत फिरावं लागतं. त्याच्या मुलीच्या, रोमनीच्या आवाजात नाटक अजिबात नाही. हरलेल्या माणसाचं गाणं ती सरळ वाचून दाखवल्यासारखं गाते, सोबत स्वतःच हार्प वाजवते. आणि शेवटी गिटार येतेच की काका, तुम्ही तोवर उठून गेलात का?

कंपनीच्या बसमधून पहाटे साडेचारला घरी जाताना ऐकायला याहून चांगलं काही नाही.

थेम्सकाठची_सई

मी ऑक्टोबर २०२४ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलला गेले होते, म्हणून दोन शब्द.

तिकीट सगळ्यात वरच्या गॅलरीचं. गिलमोर अंगठ्याएवढा दिसत होता, पण आवाज स्वच्छ. नवा अल्बम जवळजवळ पूर्ण वाजवला. अशा वेळी लोक बिअर आणायला उठतात हा माझा इथला अनुभव, पण 'बिट्वीन टू पॉइंट्स'ला कुणी हललं नाही. रोमनी हार्प घेऊन पुढे, आणि बाप बाजूला उभा राहून साथ करतोय. चेहऱ्यावर काय होतं ते एवढ्या वरून दिसलं नाही, पण मान तिच्याकडे वळलेली होती.

'डार्क साइड'मधलं 'द ग्रेट गिग इन द स्काय'ही बदललंय. मूळचा एकटीचा आकांत नाही, बायका पियानोभोवती जमून मेणबत्त्यांच्या उजेडात एकमेकींत सूर मिसळून गातात. माझ्या शेजारचे गोरे आजोबा पुटपुटले, आवडलं नाही त्यांना. मला आवडलं. आपल्याकडे दिंडीत अभंग एकीकडून दुसरीकडे जातो ना, ते आठवलं.

विटांची_भिंत, घरचं कार्य म्हणालात ते खरंच आहे, पण मला ते दूषण वाटत नाही. लॉकडाऊनमध्ये हे कुटुंब घरातून थेट प्रक्षेपण करायचं, पॉली वाचायची, हा आणि मुलगी गाणी म्हणायची. या अल्बमचं मूळ तिथे आहे. 'डार्क अँड व्हेल्व्हेट नाइट्स' ही तर पॉलीने लग्नाच्या वाढदिवसाला दिलेली कविता. आमच्याकडे वाढदिवसाला एअर फ्रायर मिळाला, असो.

कृष्णाकाठचा

सर्वांचे आभार. सहावी_तार, तुमच्या सांगण्यावरून काल रात्री 'स्कॅटर्ड' हेडफोनवर ऐकलं. नायलॉनवाला भाग स्पीकरवर मला पार्श्वसंगीतासारखा वाटत होता, तसा तो नाहीये. बोटाची घसरण ऐकू आली. 'रॅटल दॅट लॉक'चा सोलो गुणगुणायला गेलो तेव्हा शीर्षकगीतातली फ्रेंच रेल्वेची धून तेवढी आठवली! तरी 'द पायपर्स कॉल'च्या शेवटी गडी सुटलाय तसा आणखी दोनदा सुटला असता तर माझं पोट भरलं असतं. हट्ट सोडत नाही.

आणखी एक. 'लक अँड स्ट्रेंज' या शीर्षकगीतात फ्लॉइडचा कीबोर्डवाला रिक राइट आहे असं कुठेतरी वाचलं. तो तर २००८ लाच गेला. मग हे कसं?

सहावी_तार

२००६ चा दौरा संपल्यावर, २००७ च्या जानेवारीत, गिलमोरच्या घरच्या कोठारात सगळे नुसते वाजवत बसले होते. त्याचं ध्वनिमुद्रण होतं. राइटचा कीबोर्ड तिथला, बाकी गाणं त्यावर नंतर बांधलंय. शब्द युद्धानंतर जन्मलेल्या त्यांच्या पिढीच्या नशिबाबद्दल आहेत, शांतता, गिटारी, सगळं आयतं पदरात पडलं आणि हे टिकणार की नाही याची धाकधूक. त्यात मेलेल्या मित्राची बोटं चालतायत. पण लोक म्हणतात तसं मला ते भुताटकीचं वाटत नाही. राइट नेहमी करायचा तेच इथेही करतो, गिटारच्या दोन वाक्यांमधल्या फटीत हळूच एक स्वरसमूह सरकवून गप्प बसतो. फ्लॉइड फ्लॉइडसारखा वाजायचा त्यात या गप्प बसण्याचा वाटा किती होता, हे वॉटर्स की गिलमोर या भांडणात कुणी बोलतच नाही.

विटांची_भिंत

हे मात्र मान्य. राइटबद्दल आमच्या गोटातही दुमत नाही. ते मूळ वाजवणं कुठे मिळेल?

सहावी_तार

'ओरिजिनल बार्न जॅम' नावाने शेवटी जोडलंय, चौदा मिनिटांच्या आसपास आहे. सीडीवर आहे, स्ट्रीमिंगवरही आहे. आधी ते ऐका, मग शीर्षकगीत. आणि पहिल्या तीन मिनिटांत काही घडत नाही म्हणून बंद करू नका, ते चौघं अजून एकमेकांना चाचपतायत.