भाकीत, अंदाज की ठोकताळा?

प्रश्न (मालवण)
मी फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याच्या संधिवातावर व्यायाम सुरू करताना कोणाला कितपत फरक पडेल हे सांगणारं एक सांख्यिकी मॉडेल आम्ही वापरून पाहतोय. वय, वजन, दुखणं ० ते १० पैकी किती, सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं, ही माहिती त्यात भरायची. रुग्णांसाठी मराठी पत्रक लिहिताना ‘प्रेडिक्शन’पाशी अडले. ‘भाकीत’ म्हणून पाहिलं तर एका आजींनी लगेच विचारलं, “म्हणजे माजो गुडघो बरो होतलो मां?” मला ‘हो’ म्हणता येईना, ‘नाही’ही म्हणवेना.

उत्तर
ताई, ‘भाकीत’ नकोच. भविष्य भाकतात, त्यातला तो शब्द. तो एका माणसाबद्दल बोलतो आणि खरा ठरतो नाहीतर खोटा. मॉडेलचं म्हणणं निराळं असतं: तुमच्यासारख्या १०० जणांत, समजा, ७० जणांना फरक पडेल. आजी त्या ७०मध्ये की उरलेल्या ३०मध्ये, हे त्याला कळत नाही. इथे ‘अंदाज’ बसतो. अंदाज बांधतात, म्हणजे हाताशी सामान लागतं. तो थोडक्यात चुकतो, सुधारताही येतो. ‘भाकीत थोडक्यात चुकलं’ असं कोणी म्हणत नाही.

हवामानाच्या अंदाजाशी तर थेट नातं आहे. ‘पावसाची शक्यता ७० टक्के’ अशा विधानांची पारख कशी करावी, याचं गणित ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५०मध्ये मांडलं. वर्तवलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट (घडली तर १, नाही घडली तर ०) यांतल्या फरकाचा वर्ग काढायचा. ०.७ म्हटलं आणि गुडघा सुधारला तर ०.०९, नाही सुधारला तर ०.४९. अशा सगळ्यांची सरासरी जितकी कमी, तितका अंदाज चांगला. आज रुग्णांबद्दलची मॉडेलंही याच मापाने तपासतात.

दुसरं उत्तर (हर्णै)
आमच्याकडचा ‘ठोकताळा’ विसरू नका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. बंदराप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी काढायला पुरतं.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून
शब्द गोड आहे आणि अनुभवातून आलेला आहे, म्हणून मलाही मोह होतो. पण ठोकताळा किती चुकू शकतो ते जाणत्याच्या मनात असतं. मॉडेलने ते मोजून आकड्यात सांगायचं असतं. त्यामुळे ‘अंदाज’च, आणि सोबत ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ हवंच.

प्रश्नकर्तीकडून
पटलं. ‘आउटकम’साठी, म्हणजे उपचाराअंती काय झालं त्यासाठी, ‘निष्पत्ती’ लिहिलं होतं, तेही खोडलं. ‘गुण’ आवडला होता, पण गुण येतो तो चांगलाच. दुखणं वाढलं तर काय म्हणायचं? आमचे रुग्ण ‘फरक आसा’ म्हणतात. फरक दोन्हीकडे पडू शकतो आणि मॉडेल मोजतं तेही तेच. आता पत्रकात असं आहे: “तुमच्यासारख्या १०० जणांपैकी साधारण इतक्यांना व्यायामाने चांगला फरक पडतो, असा आमचा अंदाज आहे.” ‘रिग्रेशन’चं (वय, वजन वगैरे आकड्यांवरून अंदाज काढायच्या गणिताचं) ‘समाश्रयण’ मात्र पत्रकात घेतलेलं नाही, आजींना त्याची गरज नाही.